ऑनलाइन जुनं घड्याळ घेताय? रंगवलेली डायल ओळखायची कशी

जुनी घड्याळं ऑनलाइन बघायला सुरुवात केली की पहिल्या आठवड्यातच केशरी नाहीतर मोरपंखी डायलचं सिको ५ हे जपानी घड्याळ समोर येतं, दोन-तीन हजारात, फोटोत एकदम चकाचक, खाली लिहिलेलं असतं रेअर डायल, फुल्ली सर्व्हिस्ड, मिंट कंडिशन. आता जरा विचार करा, सत्तर-ऐंशीच्या दशकातलं घड्याळ, कुणीतरी वीस वर्षं रोज घातलेलं, आणि डायलवर एक डाग नाही? सेकंडहँड गाडीला नवा रंग मारलेला दिसला की आपण आधी विचारतो ना की का मारला, तसंच इथे विचारायचं.

परदेशातले कलेक्टर असल्या घड्याळांना मुंबई स्पेशल म्हणतात. ऐकायला बरं वाटत नाही पण नाव उगाच पडलेलं नाही, कारण जुनी मशीनं गोळा करून त्यांना नवी रंगवलेली डायल, नवे काटे, पॉलिश मारलेली केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, लावून जगभर विकायचा धंदा मुंबईतून भरपूर झाला आणि अजून चालू आहे. सगळेच त्यात फसवणारे आहेत असं नाही हां. काही जण सरळ लिहितात की डायल रिपेंट आहे. प्रॉब्लेम न लिहिणाऱ्यांचा आहे.

हा लेख ज्यांनी अजून एकही जुनं घड्याळ घेतलेलं नाही किंवा नुकतंच एखादं घेतलंय त्यांच्यासाठी. जाणकारांना यातलं सगळं माहीत असणार.

आधी काय काय जवळ ठेवायचं ते सांगते:

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग, घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं. स्वस्तात मिळतं
- फोटो झूम करायला मोबाइलपेक्षा लॅपटॉप बरा
- ज्या मॉडेलच्या मागे आहात त्याच्या खात्रीच्या ओरिजिनल फोटोंचा एक फोल्डर
- गूगल लेन्स, म्हणजे तोच फोटो अजून कुठे वापरलाय ते कळतं
- छोटा यूव्ही टॉर्च, नोटा तपासायला वापरतात तो
- विक्रेत्याशी झालेल्या चॅटचे स्क्रीनशॉट, लिस्टिंगचे पण, कारण लिस्टिंग नंतर एडिट होते नाहीतर गायब होते

१. डायल रंगवतात का ते आधी समजून घ्या

रंगवलेली प्रत्येक डायल फसवणुकीसाठी केलेली नसते. पूर्वी घड्याळ म्हणजे रोजच्या वापराची वस्तू होती. मुंबईची दमट हवा, पावसाळा, घाम, जुन्या ॲक्रिलिकच्या काचा, चावीच्या तिथला वॉशर झिजलेला, यातून आत ओल जायची आणि डायलवर काळे-हिरवे ठिपके पडायचे. मालक म्हणायचा नवं करून द्या, घड्याळजी डायल रंगाऱ्याकडे पाठवायचा, झालं. तेव्हा त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं आणि माझ्या मते आजही नाही, आजोबांचं घड्याळ घालण्यासारखं करून हवं असेल तर खुशाल करा.

पण बाजारात घड्याळाची बरीचशी किंमत डायलमध्ये असते. मशीनचे पार्ट मिळतात, काच मिळते, पट्टा तर कुठेही मिळतो, कंपनीतून जशी निघाली तशी डायल मात्र एकदा गेली की गेली. म्हणून रिडायल, म्हणजे डायल पुन्हा रंगवलेलं घड्याळ रिडायलच्या भावात घ्यायचं, एवढंच.

रंगवतात कसं ते पण थोडं माहीत पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या खुणा त्यातूनच निघतात. कंपनीत साधारणपणे पितळेच्या पातळ चकतीवर फिनिश देतात, त्यावर लॅकर म्हणजे वार्निशसारखा पारदर्शक थर, मग कोरलेल्या प्लेटमधली शाई मऊ पॅडने उचलून डायलवर छापतात, त्यामुळे अक्षरं बारीक, धारदार आणि किंचित उठावाची येतात. रंगारी जुना थर काढतो, वर नवा रंग मारतो आणि स्क्रीनने किंवा स्वतः बनवलेल्या ठशाने छापतो. रंग जमतो. बारीक छपाई जमत नाही.

२. एकच मॉडेल धरा

नवीन लोक इथेच वाहवत जातात. आज ओमेगा बघतात, उद्या एचएमटी, परवा सिटिझन, आणि कशाचीच नजर बसत नाही. एक ब्रँड, जमलं तर एकच मॉडेल घ्या आणि महिनाभर काही न घेता नुसतं बघा. जुन्या जाहिराती, कंपनीचे कॅटलॉग, मोठ्या लिलावांचे फोटो, कलेक्टर लोकांनी टाकलेले अगदी जवळून काढलेले मॅक्रो फोटो, सगळं त्या फोल्डरमध्ये. एक लक्षात ठेवा, विक्रीच्या लिस्टिंगमधले फोटो संदर्भ म्हणून घ्यायचे नाहीत, कारण एकाच रंगाऱ्याच्या हातच्या पन्नास डायली ऑनलाइन फिरत असतील तर तुम्हाला तीच खरी वाटायला लागते.

३. फोटो मागून घ्या

लिस्टिंगवरचे फोटो बघून कधीच ठरवू नका. विक्रेत्याला सांगा:

- डायलचा समोरून फोटो, दिवसाच्या उजेडात, फिल्टर नको, फ्लॅश नको
- तोच फोटो तिरका धरून, म्हणजे पृष्ठभागावरचे थर आणि मार्करच्या, म्हणजे तासांच्या खुणांच्या, कडा दिसतात
- काटे आठ वाजून वीस मिनिटांवर ठेवून, कारण काटे लोगोवर किंवा खालच्या अक्षरांवर आले की बघायचं तेच झाकतं
- सहाच्या खालची बारीक अक्षरं जवळून
- मागचं झाकण बाहेरून, आणि झाकण उघडून मशीन
- बाजूला आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून एक

झाकण उघडायला येत नाही म्हणाला तर ठीक आहे, घरगुती विकणाऱ्याला येत नसेलच. पण चाळीस घड्याळं लिस्ट केलेल्या माणसाला झाकण उघडता येत नाही हे पटत नाही.

४. डायल वाचा, बघू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रंग किती मस्त आहे ते विसरा, बारीक गोष्टी बघा.

अक्षरं. लोगोची जाडी ओरिजिनलशी ताडून बघा. रिपेंटमध्ये अक्षरं जाडसर, कडा पसरलेल्या, ओळ किंचित वाकडी, दोन अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त. स्पेलिंगच्या चुका पण सापडतात, विश्वास बसणार नाही अशा. कंपनीने वरती धातूचा लोगो चिकटवलेला असेल आणि तुमच्या समोरच्या घड्याळात तो छापलेला असेल तर विषयच संपला, पण आधी त्या मॉडेलला छापील लोगोची पण आवृत्ती होती का ते फोल्डरमध्ये बघा.

मिनिटांच्या रेघा. डायलच्या कडेला ज्या बारीक रेघा असतात त्या तासाच्या मार्करच्या बरोबर मध्यावर आल्या पाहिजेत. बाराला बरोबर आणि चारला सरकलेली असेल तर छपाई नंतर झालीये. ही खूण साध्या फोटोतही कळते म्हणून माझी सगळ्यात आवडती.

मार्करच्या कडा. वर बसवलेले धातूचे मार्कर न काढता रंग मारला की त्यांच्या बुडाशी रंगाची बारीक किनार साचते. काढून परत बसवले तर एखादा तिरका बसतो. काही मार्करच्या मधोमध काळी रेघ असते ती पॉलिश करताना निघून जाते, मग बारापैकी काही मार्करवर रेघ आहे आणि काहींवर नाही असं दिसतं.

तारखेची खिडकी आणि मधलं भोक. ओरिजिनल खिडकीच्या कडा स्वच्छ कापलेल्या. रंगवलेल्यात कडेवर रंग जाड झालेला, कोपरे गोल, कधी खिडकीच्या आत रंग ओघळलेला.

छोट्या सेकंदाची वाटी. जुन्या घड्याळात सहाच्या जागी सेकंदाची वेगळी छोटी डायल असते, तिच्यात बऱ्याचदा एकात एक बारीक गोल रेघा कोरलेल्या असतात. वरून रंग बसला की त्या रेघा बुजतात आणि वाटीची कड मऊ होते. डायलवर आडवी-उभी बारीक रेघ असेल तर ती वाटीतून सरळ पुढे जाते का ते पण बघा.

सहाच्या खालची अक्षरं. रंगारी इथेच कंटाळा करतो. स्विस मेड किंवा जपान असं अगदी बारीक लिहिलेलं असतं ते नसेल, खूप मोठं असेल, नाहीतर डायलच्या कडेने अर्धं कापलेलं असेल. स्विस घड्याळांवर या शब्दांच्या दोन बाजूंना इंग्रजी टी असेल तर त्याचा अर्थ चमकणाऱ्या पावडरीत ट्रिटियम, म्हणजे तिला चमकवणारं किरणोत्सर्गी द्रव्य, आहे. साठच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंत ही खूण चालली. आता डायलवर टी लिहिलंय आणि मार्करवर चमकणारी पावडर लावायला जागाच नाही, असं दिसलं तर छापणाऱ्याने दुसऱ्याच डायलवरून नक्कल केलीये.

चमक. ट्रिटियमची ताकद साधारण बारा वर्षांत निम्मी होते, म्हणजे सत्तरच्या दशकातलं घड्याळ आज अंधारात रात्रभर चमकायला नको. टॉर्च मारल्यावर हिरवंगार होऊन बराच वेळ तसंच राहिलं तर ती पावडर नवी आहे. यूव्ही टॉर्चखाली जुनी पावडर थोडी उजळून लगेच विझू शकते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काट्यांवरच्या आणि डायलवरच्या पावडरीचा रंग सारखा म्हातारा झालेला हवा, काटे पांढरे आणि मार्कर पिवळट असतील तर काटे तरी बदललेत नाहीतर डायल तरी.

इथे एक सूचना. सत्तरच्या आधीच्या चमकणाऱ्या घड्याळांत रेडियम असू शकतं, ते किरणोत्सर्गी असतं. चमक गेली तरी रेडियम जात नाही. घरी आल्यावर उत्सुकतेपोटी काच काढून ती पावडर खरवडू नका, फुंकर मारू नका.

म्हातारपणाला पण लॉजिक असतं. ओल चावीच्या बाजूने नाहीतर काचेच्या कडेने शिरते, त्यामुळे डाग बहुतेक कडेकडून आत येतात. रेडियमच्या काट्यांचं घड्याळ वर्षानुवर्षं एकाच वेळेला बंद पडून राहिलं असेल तर काट्यांच्या खाली डायलवर त्यांच्या आकाराचा करपल्यासारखा डाग पडतो. असले डाग खोटे करणं अवघड आहे. उलट सगळीकडे एकसारखा तपकिरी आणि वर अक्षरं मात्र कोरी करकरीत, असं दिसलं की सावध, मुद्दाम म्हातारी केलेली डायल पण विकली जाते.

५. कुठल्या ब्रँडमध्ये काय बघायचं

सिको. गल्फमधून येणारे काका-मामा घेऊन यायचे ते सिको ५, म्हणून आपल्याकडे प्रचंड संख्येने आहेत आणि सगळ्यात जास्त रंगवली जातात ती पण हीच. मागच्या झाकणावर दोन गटांत आकडे असतात, पहिले चार मशीनचा नंबर, ७००९, ६३०९, ६११९ असे, पुढचे चार केसचा. डायलच्या अगदी खाली कडेला पण बारीक कोड असतो, त्याचे पहिले चार मशीनशी जुळले पाहिजेत. नवीन लोक इथे गोंधळतात, डायलवरचे पुढचे चार हे डायलचे स्वतःचे असतात, ते केसच्या आकड्यांशी जुळलेच पाहिजेत असं नाही, तेवढ्यावरून खोटं म्हणू नका. कोडच नसेल तर मात्र बहुतेक वेळा रंगवलेली. झाकणावरचा सिरियल नंबर पण उपयोगी आहे, पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना, ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरला ओ, एन, डी ही अक्षरं. दशक कुठलं ते मशीनवरून ठरवायचं. समजा ४ आणि मग एन, आणि मशीन सत्तरच्या दशकातलं, तर नोव्हेंबर १९७४. आता त्या मॉडेलला त्या काळात केशरी डायल येत होती का हे शोधायला तुमच्याकडे धागा मिळाला. रंगीत म्हणजे खोटी असं नाही बरं का, सिकोने खरंच भन्नाट रंग काढलेत.

एचएमटी. बंगळुरूला १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने सुरू झालेली सरकारी घड्याळं, २०१६ मध्ये सरकारने घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला आणि तेव्हापासून जनता, पायलट, कांचन या मॉडेलांचे भाव चढले, भाव चढले तसे रंगारी पण कामाला लागले. पायलट म्हणजे काळी डायल हे डोक्यात ठेवा. लाल, पिवळी, पोपटी पायलट, वर विमानाचं चित्र, किंवा आर्मी, रेल्वे, रेडक्रॉस असली चिन्हं दिसली की पुरावा मागा. एचएमटीने खास प्रसंगांची घड्याळं खरंच काढली होती, म्हणून सरसकट खोटं म्हणता येत नाही, पण पुरावा विकणाऱ्याने द्यायचा, तुम्ही नाही. देवनागरीत जनता लिहिलेली डायल खरी असते आणि तिला मागणी खूप, त्यामुळे नकलाही तिच्याच जास्त. देवनागरी असल्यामुळे आपल्याला एक फायदा आहे, वाकडं वळण आणि तुटकी शिरोरेघ आपल्या डोळ्याला लगेच खटकते.

फेवर-ल्यूबा. स्विस कंपनी, सुरुवात १७३७ सालची, आणि भारतात १८६५ पासून, त्यामुळे जुन्या मुंबई-पुण्याच्या घरांत सी चीफ, सी किंग ही मॉडेलं निघतातच. वाळूच्या घड्याळासारखा लोगो आणि बारीक अक्षरांतलं जिनिव्ह या दोन गोष्टी बघा. वेस्ट एंड या कंपनीच्या सोवार मॉडेलचं पण तसंच, मोठे आकडे असलेल्या पांढऱ्या डायली इतक्या रंगवल्यात की न रंगवलेली बघायला मिळाली तर फोटो सेव्ह करून ठेवा.

ओमेगा. नवशिक्याने ऑनलाइन पहिलं घड्याळ म्हणून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. चांगल्या कारागिराने केलेली ओमेगाची रिडायल ओळखायला सरावलेली नजर लागते आणि पैसेही जास्त अडकतात.

६. विक्रेत्याला प्रश्न नीट विचारा

डायल ओरिजिनल आहे का, असं विचारलंत तर उत्तर हो असंच येणार, आणि त्याच्या हिशोबाने ते खोटं पण नसतं कारण पितळेची चकती कंपनीचीच आहे ना. असं विचारा:

"या डायलवर कधीही पुन्हा रंग किंवा छपाई झाली आहे का? काटे आणि चावी कंपनीचेच आहेत का? रिपेंट निघाली तर परत घ्याल का?"

आणि उत्तर लेखी घ्या, फोनवर नको. दादा मी सांगतो ना, टेन्शन नका घेऊ, हे उत्तर नाही.

लिस्टिंगची भाषा पण ओळखायला शिका. ओरिजिनल मशीन लिहिलंय म्हणजे फक्त मशीनबद्दल बोललाय, डायलबद्दल गप्प आहे. रिफर्बिश्ड, रिस्टोअर्ड म्हणजे डायल रंगवलेली धरून चाला. न्यू ओल्ड स्टॉक म्हणजे दुकानात न वापरता पडून राहिलेलं, त्याला टॅग, डबा, झाकणावरचं स्टिकर, काहीतरी सोबत असायला हवं, आणि एकाच माणसाकडे दर आठवड्याला नवीन न्यू ओल्ड स्टॉक येत असेल तर तुम्हीच समजा. त्याची बाकीची घड्याळं पण उघडून बघा, वेगवेगळ्या ब्रँडच्या डायलींवर तोच केशरी रंग आणि तीच अक्षरांची जाडी दिसली की रंगारी एकच आहे.

७. पैसे आणि पार्सल

अनोळखी माणसाला थेट यूपीआयने पूर्ण पैसे पाठवले की परत मिळवायला हातात काही राहत नाही. परतीची सोय असलेल्या साइटवरून, साइटच्या आतच पैसे द्या, बाहेर व्हॉट्सॲपवर या स्वस्तात देतो म्हणाला तर जाऊ नका. शक्य असेल तर समोरासमोर भेटा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, पत्त्याचं लेबल दिसण्यापासून सुरू करून डायल जवळून दिसेपर्यंत, कट न करता. पैसे घेऊन गायब झाला तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, आणि वस्तू सांगितल्यापेक्षा वेगळी देऊन दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. दोन्हीकडे ते स्क्रीनशॉट लागतात, सोबत पेमेंटची पावती, ऑर्डर नंबर आणि लिस्टिंगची लिंक.

८. घरी आल्यावर

परतीची मुदत संपायच्या आत भिंगाखाली चौथ्या मुद्द्यातलं सगळं परत एकदा बघा, फोटोत न दिसलेलं आता दिसतं. मग घड्याळजीकडे जा आणि तुमच्यासमोर झाकण उघडायला सांगा. मशीनवर ज्वेलचा, म्हणजे आत बसवलेल्या बारीक खड्यांचा, आकडा असतो, डायलवर पण लिहिलेला असेल तर दोन्ही जुळतात का बघा. तो सर्व्हिसिंगसाठी डायल काढणार असेल तर मागची बाजू बघायला मागा. ब्रशचे किंवा स्प्रेचे रंगाचे थेंब, खिळ्याने खरवडून लिहिलेले आकडे, मागचे पाय (मशीनमध्ये बसणाऱ्या बारीक खुंट्या) तुटून डबल टेपवर चिकटवलेली डायल, हे सगळं तिथे सापडतं. कडेला छोटी खाच पण असू शकते, रंगारी दिशा कळावी म्हणून मारतात, पण काही कंपन्यांच्या डायलला मुळातच खाच असते म्हणून नुसत्या खाचेवर निकाल देऊ नका.

रिपेंट निघाली आणि परत करता येत नसेल तर निदान भाव तरी कमी करून मागा, बरेच विक्रेते वाईट रेटिंगच्या भीतीने थोडे पैसे परत करतात.

आणि डायल ओरिजिनल निघाली, डाग असलेली, थोडी पिवळी पडलेली, तर घड्याळजीला आत जातानाच सांगा की काका मशीन साफ करा, तेल घाला, पण डायलला हात लावायचा नाही, कापसाने पुसायची पण नाही. ते प्रेमानेच पुसतात हो, पण जुन्या लॅकरवरची छपाई ओल्या कापसाच्या एका फेऱ्यात उचलून येते. सर्व्हिसच्या चिठ्ठीवर पण ते लिहून घ्या, कारण दुकानात तुमच्याशी बोलणारा आणि मागे बसून काम करणारा एकच असतो असं नाही.